ऊर्जा वाहते, अन्नद्रव्ये फिरतात

अन्नसाखळी गोलात काढायची सवय शाळेपासून लागते. ऊस, उंदीर, धामण, सर्पगरुड, मग कुजवणारे जिवाणू आणि शेवटचा बाण परत उसाकडे. त्या शेवटच्या बाणात सगळा घोळ आहे. नत्र, स्फुरद, पालाश (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम) ही अन्नद्रव्ये त्या वाटेने खरोखर परत येतात. ऊर्जा येत नाही.

आधी ऊर्जेचं बघू. पानावर पडलेल्या उन्हातला जेमतेम एक-दोन टक्के भाग ऊस बांधून ठेवतो. उसात 10,000 किलोज्यूल असतील, तर उंदरांच्या अंगी साधारण 1,000 लागतात, धामणीच्या 100, सर्पगरुडाच्या 10. बाकीची ऊर्जा श्वसनात, धावपळीत, अंगाच्या उबेत खर्च होते. काही तर पोटातच जात नाही. हा हिशोब परिसंस्थांचे अभ्यासक रेमंड लिंडमन यांच्या 1942 च्या निबंधापासून रूढ झाला. दहा टक्के हा आकडा ढोबळच, तो कमीजास्त होतो. पण कोल्हापूर जिल्ह्यातल्या दाजीपूरच्या जंगलात गवे कळपाने असतात आणि बिबट्या एखादाच, त्यामागे हीच गळती आहे.

‘पण मेलेलं सगळं कुजतं, म्हणजे ऊर्जा मातीत परत गेलीच की!’ असं मुलं हमखास म्हणतात. थंडीच्या दिवसांत सकाळी शेणखताचा ताजा ढीग फावड्यानं उकरून दाखवा. आतून वाफ येते, हात ठेववत नाही. जिवाणूंनी वापरलेली ऊर्जा ती अशी उष्णता होऊन निघून चालली आहे. या उष्णतेवर पान साखर करू शकत नाही, त्याला प्रकाशच लागतो. म्हणून ऊन रोज नवं यावं लागतं.

अन्नद्रव्यांचं तसं नाही. साखरेत कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन एवढंच असतं, तेही हवेतून आणि पाण्यातून आलेलं. म्हणजे गुळाची ढेप बाजारात जाते तेव्हा शेताबाहेर जातं ते मुख्यतः बांधलेलं ऊन. नत्राचा मोठा वाटा वाढ्यात (उसाच्या हिरव्या शेंड्यात) आणि पाचटात (वाळल्या पानांत) असतो. पाचट पेटवलं की तो धुरावाटे उडून जातो. सरीत कुजवलं तर खोडव्याला, म्हणजे तोडणीनंतर बुडख्यांतून फुटणाऱ्या पुढच्या उसाला, मिळतो. ऊर्जा मात्र दोन्हीकडे उष्णता होऊनच जाणार, पेटवल्यावर तासाभरात, कुजवल्यावर महिन्या-महिन्यांनी. पाचट जाळू नका असं सांगताना ‘ऊर्जा वाचते’ म्हणणं म्हणूनच चूक आहे. वाचतं ते नत्र, आणि जमिनीचा कस.

कोल्हापूरच्या रंकाळा तलावात हेच चक्र त्रासाचं होतं. सांडपाण्याबरोबर आलेल्या नत्र-स्फुरदावर केंदाळ (जलपर्णी) फोफावतं, मरून तळाशी कुजतं आणि त्यातलं स्फुरद पुढच्या केंदाळाला मिळतं. उपसलेलं केंदाळ काठावरच टाकलं तर पहिल्या वळवात त्यातली अन्नद्रव्यं पुन्हा पाण्यात उतरतात. म्हणून ते काढल्या काढल्या तलावापासून लांब न्यावं लागतं, आणि सांडपाणी तर आधी अडवावं लागतं.