दूषित रक्त चढलेल्या पेशंटचा माग (लुकबॅक)

डोनरमधे नंतर एचआयव्ही, हेपॅटायटिस बी किंवा सी निघाला की त्याच्या आधीच्या बॅगा कुणाकुणाला चढल्या ते शोधून त्या लोकांना टेस्टला बोलवायचं, याला लुकबॅक म्हणतात. उलट दिशेनंही जाता येतं, म्हणजे पेशंट पॉझिटिव्ह निघाला तर तिथून मागे डोनरपर्यंत.

सगळा खेळ बॅग नंबरचा. एका बॅगेतून लाल पेशी, प्लाझ्मा, प्लेटलेट असे तीन भाग निघतात, तीन वेगळ्या वॉर्डात जातात, आणि प्लेटलेट पाच दिवसात संपतात तर गोठवलेला प्लाझ्मा वर्षभर राहतो, त्यामुळे एकाच डोनरचे पेशंट वेगवेगळ्या महिन्यातले असू शकतात. थॅलेसेमियाच्या मुलांना दर दोन-चार आठवड्यांनी रक्त लागतं, तिथे मागे जायचं म्हणजे डोनरची भली मोठी यादी.

ब्रिटनमधे दात्याच्या रक्तात हेपॅटायटिस सी ची तपासणी सप्टेंबर 1991 ला सुरू झाली आणि सरकारी लुकबॅक 1995 मधे. त्यातली मेख अशी की तपासणी सुरू झाल्यावर जे पुन्हा रक्त द्यायला आले तेच डोनर सापडले. ज्यांनी देणं आधीच थांबवलं त्यांचे पेशंट सुटले ते सुटलेच. दूषित रक्ताच्या या प्रकरणाची तिथे लँगस्टाफ यांनी चौकशी केली, तिचा अहवाल मे 2024 चा, त्यात संसर्ग झालेल्यांचा आकडा 30,000 च्या वर आहे (यात रक्तापासून बनवलेली औषधं घेतलेले हिमोफिलियाचे पेशंटही आले). 1996 च्या आधी रक्त चढलेल्यांना सी ची टेस्ट द्यावी असंही त्यात म्हटलंय.

मुंबईत हीच मेख जास्त टोचते. इथे डोनर एकदा मंडळाच्या कॅम्पात देतो, पुढच्या वेळी ऑफिसच्या, दोन्हीकडे रक्तपेढी वेगळी, रजिस्टर वेगळं. आणि नातेवाईकाच्या ऑपरेशनसाठी बदली रक्त देणारा तर बहुधा परत फिरकतच नाही. सुप्रीम कोर्टाच्या 1996 च्या निकालानंतर 1 जानेवारी 1998 पासून रक्त विकणं बंद झालं, पण काही जण मानतात की तेच लोक बदली डोनर म्हणून येत राहिले, आणि ते अगदीच खोटं वाटत नाही.

देशात एचआयव्हीची तपासणी साधारण 1989 पासून टप्प्याटप्प्यानं आली, सी ची सक्ती 2001 ची. नॅट टेस्ट (विषाणूचा जनुकीय अंश थेट शोधणारी) सगळीकडे सक्तीची नाही, त्यामुळे विंडो पिरियडचा, म्हणजे संसर्ग झालाय पण टेस्टमधे अजून दिसत नाही अशा काळाचा, धोका उरतोच.

आकड्यांवर वाद आहे. माहिती अधिकारात नॅकोनं (राष्ट्रीय एड्स नियंत्रण संस्था) दिलेल्या उत्तरात ऑक्टोबर 2014 ते मार्च 2016 मधे रक्तातून एचआयव्ही झालेले 2,234 जण होते, महाराष्ट्रातले 276. नॅकोचं म्हणणं, हे समुपदेशनात लोकांनी स्वतः सांगितलेलं कारण आहे, पडताळलेलं नाही. मुद्दा बरोबर आहे, पण पडताळायचं म्हणजे बॅग नंबरपर्यंत जायचं, म्हणजे लुकबॅकच करायचा, तेव्हा हे उत्तर जरा सोयीचं वाटतं.

नियमाप्रमाणे रक्तपेढीनं रेकॉर्ड पाच वर्षं ठेवायचं. सी मुळे होणारा सिरॉसिस (यकृत निकामी करणारा आजार) दिसायला वीस-तीस वर्षं लागू शकतात. तरी उशिरा सापडलेल्याचाही फायदा होतो, कारण आता सी बहुतेकांचा साधारण बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी बरा होतो आणि 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हे उपचार फुकट आहेत.