म्हैस अडते तेव्हा रक्तात काय घडतं

गेल्या पावसाळ्यात भिवंडीजवळच्या एका तबेल्यात मुऱ्हा म्हैस अडली. दिवस भरलेले, सकाळपासून कळा, पण पाणमोट काही दिसेना. नजर लागली म्हणून मालकांनी मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या. ठसका आम्हाला लागला, म्हैस जिथल्या तिथे. डॉक्टरांनी हात घातला तर वाटेतच वळ्या लागल्या. "पीळ आहे. उजवा."

म्हशींत गर्भाशयाला असा पीळ पडणं नवीन नाही. म्हैस उठताना आधी मागचे पाय उचलते. त्या क्षणी तीसेक किलोच्या पारडासकट गर्भाशय पुढे मोकळं लोंबतं. पाय घसरला किंवा पारडू वळलं, की पिशवी फिरते.

खरी गंमत पुढे आहे. ओल्या पंचासारखा पीळ बसला तरी सगळ्या रक्तवाहिन्या एकदम बंद होत नाहीत. रक्त हृदयाकडे परत नेणाऱ्या शिरांची भिंत पातळ, आतला दाब नगण्य. त्या आधी चपटतात. हृदयाकडून रक्त आणणाऱ्या रोहिणीची भिंत जाड, दाब कितीतरी पट जास्त. ती रक्त ढकलतच राहते. म्हणजे नळ चालू आणि मोरी तुंबलेली! पिशवी सुजते, काळी-निळी पडते. साचलेल्या रक्तातला प्राणवायू संपला की पेशी ग्लुकोज अर्धवटच जाळतात आणि लॅक्टेट साठतं. पेशी फुटल्या की एएसटी, एलडीएचसारखी त्यांच्या आतली एन्झाइम्स रक्तात उतरतात. इकडे वेदनेने कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक चढतं; त्यामुळे साखर वाढते, पांढऱ्या पेशींतले न्यूट्रोफिल वाढतात, लिम्फोसाइट घटतात. म्हशीने पाणी पिणं सोडलेलं असतं, मूत्रपिंडाला रक्त कमी पोचतं, म्हणून ते गाळून टाकतं तो कचरा, युरिया-क्रिएटिनिनही, रक्तात वर जातो. नुसती साखर वाढलेली पाहून कुणी मधुमेह म्हणू नये, आणि एका थेंबात सगळं निदान सांगणाऱ्या यंत्राच्या जाहिरातीलाही भुलू नये. पीळ हातालाच कळतो. रक्त फक्त तो किती महाग पडलाय ते सांगतं.

डॉक्टरांनी जांभळ्या आणि लाल टोपणाच्या दोन नळ्या रक्ताने भरून घेतल्या. मग म्हशीला उजव्या कुशीवर पाडलं, पोटावर लांब फळी ठेवली, फळीवर एक गडी उभा केला आणि पाय ओढून तिला उजवीकडेच लोळवलं. उलट वाटतं ना? फळीने पिशवी जागच्या जागी दाबून धरायची आणि अंग फिरवून तिला गाठायचं. तिसऱ्या लोळणीला वळ्या सुटल्या, पाणमोट आली.

मालक हसले. डॉक्टर मात्र सलाइन लावून तासभर बसून राहिले. पीळ सुटला की तुंबलेलं ते सगळं रक्त एकदम हृदयाकडे निघतं.