केकोला समुद्र मिळाला, कळप मिळाला नाही

१९९३ साली प्रदर्शित झालेल्या ‘फ्री विली’ या चित्रपटाच्या शेवटी एक ऑर्का दगडी बांधावरून झेप घेऊन खुल्या समुद्रात निघून जातो. ती झेप म्हणजे चित्रपटाची करामत होती. विलीची भूमिका करणारा खरा ऑर्का, केको, त्या वेळी मेक्सिको सिटीतील एका मनोरंजन उद्यानाच्या तोकड्या तलावात घिरट्या घालत होता. ही विसंगती प्रेक्षकांच्या, विशेषतः मुलांच्या, मनाला इतकी लागली की पडद्यावरच्या नायकाला खरोखर सोडून देण्यासाठी निधी उभा राहू लागला, आणि त्यातूनच प्राणिशास्त्रातील एक अत्यंत खर्चिक प्रयोग घडला.

ऑर्काला ‘किलर व्हेल’ म्हणत असले तरी तो डॉल्फिनच्या कुळातला प्राणी आहे. केकोला १९७९ मध्ये आइसलँडजवळच्या समुद्रात पकडले, तेव्हा तो जेमतेम दोन वर्षांचा होता. तेथून कॅनडा आणि १९८५ मध्ये मेक्सिको असा त्याचा प्रवास झाला. समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवरच्या शहरात, मीठ मिसळलेल्या कोमट पाण्यात, उत्तर अटलांटिकच्या थंडीसाठी घडलेले हे शरीर वर्षानुवर्षे राहिले. पॅपिलोमा विषाणूमुळे त्याच्या कातडीवर चामखिळीसारख्या गाठी आल्या होत्या आणि वजन कमी भरत होते. पाठीवरचा उंच पर एका बाजूला पूर्ण कलंडलेला होता. या परात हाड नसते, तो तंतुमय ऊतींच्या बळावर उभा असतो. बंदिवासातील प्रौढ नरांमध्ये तो बहुधा वाकतोच, मुक्त नरांमध्ये मात्र क्वचितच. पाण्याच्या पृष्ठभागावर जाणारा जास्त वेळ आणि एकाच दिशेने मारलेल्या घिरट्या ही त्याची संभाव्य कारणे मानली जातात.

जानेवारी १९९६ मध्ये केकोला विमानाने अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यातल्या न्यूपोर्ट येथील मत्स्यालयात हलवण्यात आले. थंडगार, खरे समुद्राचे पाणी आणि पुरेसे अन्न मिळताच कातडी सुधारू लागली आणि दोन-अडीच वर्षांत वजन सुमारे एक टनाने वाढले. शरीर बरे करणे हा या साऱ्या खटाटोपातला सोपा भाग होता, हे मात्र नंतर कळले.

९ सप्टेंबर १९९८ रोजी त्याला आइसलँडच्या वेस्टमन बेटांमधील क्लेट्सविक खाडीत, जाळीने वेढलेल्या पाण्यात सोडले गेले. तेथे त्याला जिवंत मासे पकडायला शिकवण्यात येऊ लागले आणि पुढे नावेमागून खुल्या समुद्रात फेऱ्याही सुरू झाल्या. अडचण अशी की त्या भागातले ऑर्का ज्या हेरिंग माशांवर जगतात, त्यांची शिकार एकट्यादुकट्याने करण्यासारखी नसते. ऑर्का मिळून माशांचा थवा घेरतात, त्याला दाटीवाटीने एकत्र आणतात आणि पाण्याखाली शेपटीचा जोरदार फटका मारून मासे बधिर करतात. ही कामगिरी पिल्ले मोठ्यांच्या सोबतीने शिकतात. आवाजांचेही तसेच आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील अभ्यासांतून दिसले की प्रत्येक कळपाची हाकांची स्वतःची बोली असते आणि ती पिल्लू आपल्या कुटुंबात ऐकून उचलते. दोन वर्षांच्या वयात त्या शाळेतून उचललेल्या केकोला प्रशिक्षक मासा देऊ शकत होते, बोली देऊ शकत नव्हते.

२००२ च्या उन्हाळ्यात तो मुक्त ऑर्कांच्या आसपास वावरला, पण बहुतेक वेळ थोडे अंतर राखूनच. त्यानंतर तो एकटाच पूर्वेकडे निघाला आणि सुमारे १,४०० किलोमीटर पोहून सप्टेंबरच्या सुरुवातीस नॉर्वेच्या किनाऱ्यावर पोहोचला. तो खंगलेला दिसत नव्हता, म्हणजे वाटेत त्याने काही ना काही खाल्ले असावे. नॉर्वेत पोहोचल्यावर तो थेट माणसांकडे आणि होड्यांकडे गेला, आणि लोकांची झुंबड इतकी उडाली की त्याच्या जवळ जाण्यास मनाई करावी लागली. १२ डिसेंबर २००३ रोजी, वयाच्या सत्ताविसाव्या वर्षाच्या सुमारास, तो तेथेच मरण पावला. कारण बहुधा न्यूमोनिया होते. काही वर्षांनी प्रकल्पाशी संबंधित संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या लेखात, तो मुक्त कळपात कधी सामावला गेला नाही आणि अन्नासाठी माणसांवरच अवलंबून राहिला, असे स्पष्ट नोंदवले आहे.

तरीही याला निव्वळ अपयश म्हणणे मला घाईचे वाटते. त्याच २००२ साली स्प्रिंगर नावाची दोन वर्षांची अनाथ ऑर्का सिअ‍ॅटलजवळ एकटी सापडली. तिच्या हाकांवरून तिचे नातलग ओळखता आले, तिला कॅनडातील जॉन्स्टन सामुद्रधुनीत त्यांच्याजवळ नेऊन सोडले, आणि पुढे २०१३ मध्ये ती पिल्लासह दिसली. फरक पोहण्याच्या ताकदीत नव्हता. स्प्रिंगर थोडाच काळ माणसांत राहिली होती आणि तिचे कुटुंब कोणते व कुठे आहे, हे माहीत होते. केकोचे कुटुंब मात्र कधी निश्चितपणे सापडलेच नाही.

२०१९ मध्ये शांघायमधील एका मत्स्यालयातून दोन बेलुगा (पांढरे देवमासे) माद्या वेस्टमन बेटांवर आणण्यात आल्या, त्या याच क्लेट्सविक खाडीतील अभयारण्यासाठी. मात्र या वेळी त्यांना समुद्रात सोडून देण्याचा बेत नव्हता; खाडीच्या तोंडाशी जाळी राहील आणि माणसे त्यांना आयुष्यभर अन्न देतील, हे सुरुवातीपासूनच ठरलेले होते.