प्रसूतीनंतरची दुग्धवर्धक मालीश

बाळंतिणीला पान्हा सहज फुटावा आणि स्तन नीट रिकामे व्हावेत, यासाठी पाठ व छातीची केली जाणारी मालीश. मालीश स्वतः दूध तयार करत नाही. वार (बाळाच्या नाळेला जोडलेला गर्भाशयातील भाग) पडल्यावर प्रोजेस्टेरॉन हे गर्भारपण टिकवणारे संप्रेरक झपाट्याने उतरते, दूध बनवणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाला वाव मिळतो आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवसात छाती भरून येते. त्याआधी चीक येतो. पुढे दूध किती बनेल हे मुख्यतः किती निघते यावर ठरते, कारण दूध साचले की निर्मितीच मंदावते. म्हणून दिवसरात्र मिळून ८ ते १२ वेळा पाजणे हा मूळ उपाय, मालीश त्याची जोड.

पाठीच्या मालिशीचा रोख ऑक्सिटोसिनवर असतो. या संप्रेरकाने दुग्धकोशांभोवतीच्या पेशी आकुंचन पावतात आणि दूध नलिकांत उतरते. वेदना, भीती, ताण यांनी ते अडते. आईने टेबलावर हातांची घडी घालून त्यावर डोके टेकावे, स्तन मोकळे सोडावेत. मदतनिसाने मणक्यांच्या दोन्ही बाजूंनी, मणक्यांवर नव्हे, अंगठ्यांनी लहान गोल फिरवत मानेपासून खांद्याच्या पात्यांपर्यंत खाली यावे. पाजण्याच्या किंवा दूध काढण्याच्या लगेच आधी २ ते ३ मिनिटे पुरतात.

छातीवर हात हलकाच हवा. त्वचा सरकेल, पण बोट आत रुतणार नाही, इतकाच दाब. गाठी ‘फोडण्यासाठी’ जोर लावणे ही सर्वांत नेहमीची आणि महागात पडणारी चूक: ऊतींना इजा होते, सूज वाढते, नलिका आणखी दबतात. दाटलेल्या छातीला बोंडाकडून काखेकडे व गळपट्टीच्या हाडाकडे हळुवार हात फिरवल्यास सूज उतरायला मदत होते. नंतर थंड पट्टी ठेवावी. बोंडाभोवतीचा भाग ताठ होऊन बाळाला तोंडात धरता येत नसेल, तर बोंडाच्या बुडाशी बोटे टेकवून आत बरगड्यांच्या दिशेने मिनिटभर स्थिर दाब द्यावा.

हाताने दूध काढताना अंगठा आणि बोटे बोंडापासून ३-४ सेंमी मागे, समोरासमोर ठेवावीत. आधी बरगड्यांकडे दाबावे, मग चिमटीत दाबून सोडावे. बोटे त्वचेवर घसरू देऊ नयेत, जागा बदलत राहावी. नुसते बोंड पिळल्याने दूध येत नाही, फक्त दुखते. तेल लावायचेच तर बोंड वगळून. कापूरयुक्त मलम मात्र अजिबात नको, तो बाळाला विषारी ठरतो.

ताप, लाल व गरम चट्टा किंवा न विरघळणारी गाठ असल्यास मालीश थांबवून डॉक्टरांना दाखवावे. पाचव्या दिवसानंतर बाळाला दिवसात ६ पेक्षा कमी वेळा लघवी होत असेल किंवा दोन आठवड्यांत जन्मवजन भरून आले नसेल, तर आधी बाळाची स्तनावरची पकड तपासून घ्यावी. पकड ठीक असूनही दूध कमी पडत असेल, तर वारेचा राहिलेला तुकडा, प्रसूतीतला मोठा रक्तस्राव, थायरॉइडचा विकार किंवा स्तनातील अपुऱ्या ग्रंथी यांचा शोध घ्यावा लागतो, आणि त्यांपैकी एकही मालिशीने बरे होत नाही.