थ्रीडी आलं म्हणजे ड्रॉइंग आलं असं समजू नका
नागपूरच्या काटोल रोडवर आमचं शेतावरचं घर उभं झालं, प्लास्टर अर्धं बाकी, आणि घरातल्या सगळ्यांच्या मोबाईलवर थ्रीडीचे फोटो फिरून राहिले होते. इतके भारी की मावशीने फोन करून विचारलं, राहायला कधी गेले बे? मलाही वाटलं डिझाइन झालं, आता सुतार बोलवायचा. मिस्त्री आला, फोटो दोन बोटांनी मोठा करून पाहिला आणि म्हणाला, "भाऊ, मस्त आहे, पण याच्यावरून मी कापू काय?"

तेव्हा समजलं की आपण ज्याला डिझाइन म्हणतो त्यात दोन वेगळ्या वस्तू असतात. थ्रीडी म्हणजे कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र, ते तुम्ही हो म्हणावं म्हणून असतं. त्यात कॅमेरा भिंतीच्या पलीकडे ठेवता येतो, म्हणून १० बाय १२ ची खोली मंगल कार्यालयासारखी दिसते, आणि ऊनही काढणाऱ्याला पाहिजे तिकडून येतं. वर्किंग ड्रॉइंग दिसायला एकदम रुक्ष, नुसत्या रेघा आणि आकडे, पण प्रत्येक भिंत समोरून कशी, कपाट आत किती खोल, स्विचबोर्ड जमिनीपासून किती उंच, प्लाय १८ एमएम का १२, प्लायवर चिकटवायच्या लॅमिनेटचा कोड नंबर कोणता, हे सगळं त्यात. लॅमिनेटच्या कोडला हलकं घेऊ नका, "तसाच शेड आहे साहेब" म्हणून दुकानदार दुसरंच शीट देतो तेव्हा तोच कामी येतो.

आमची फजिती कूलरने केली. थ्रीडीत बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीवर छतापर्यंत कपाट, सुंदर, सगळे खुश. त्या भिंतीत कूलरची खिडकी होती ती चित्रात गायबच, कोणाच्या लक्षातच आलं नाही, कारण चित्रात मे महिना नसतो ना! नागपुरात पारा ४५ च्या वर जातो, शेतावर लाईटचा भरवसा नाही, इन्व्हर्टरवर एसी थोडाच ओढणार, कूलर लागतोच. आणि कूलर म्हणजे नुसती खिडकी नाही, बाहेर स्टँड, पाण्याचा नळ, जवळ प्लग, आणि समोरच्या बाजूला हवा बाहेर जायला दुसरी खिडकी, नाहीतर खोलीत नुसता दमटपणा. इलेक्ट्रिकचं ड्रॉइंग मागितलं असतं तर पॉइंट टाकतानाच कोणीतरी विचारलं असतं की कूलर कुठाय. शेवटी कपाट दुसऱ्या भिंतीला गेलं आणि बेडजवळचा बोर्ड हलवायला ताजं प्लास्टर फोडून वायरसाठी पुन्हा झिरी मारावी लागली.

थ्रीडी बेकार आहे असं मी म्हणत नाही. आईला प्लॅनच्या रेघा कळत नाहीत, पण थ्रीडी पाहून ती एका मिनिटात म्हणाली, देवघराच्या पाठीला संडासाची भिंत आहे. हे आम्हा कोणाला ड्रॉइंगमध्ये दिसलं नसतं. रंग मात्र दोन्हीवर पाहू नका, लॅमिनेटचा तुकडा घेऊन दुपारी २ वाजता साइटवर उभे राहा.

ड्रॉइंग कधी मागायचं यातही गंमत आहे. इलेक्ट्रिक आणि प्लंबिंगचं प्लास्टरच्या आधी पाहिजे. सुतारकामाचं प्लास्टर आणि टाइल झाल्यावर, जागेवर टेप लावून, कारण भिंत पूर्ण गुण्यात, म्हणजे काटकोनात, क्वचितच असते, आणि सुतार सुतात मोजतो, १ इंचाचे ८ सूत, तिथे फोटोवरचा अंदाज चालत नाही. सीलिंगचं ड्रॉइंग वेगळं मागा, त्यात पंख्याचा हूक आणि रॉडची लांबी दाखवलेली पाहिजे, पीओपी झाल्यावर आठवून काय फायदा.

फ्री थ्रीडी देणारे दुकानदार ऑर्डरआधी ड्रॉइंग देत नाहीत, त्यांचंही बरोबर आहे, मेहनत तिथेच असते. पण डिझायनरला फी देणार असाल तर आधीच विचारा की ड्रॉइंगच्या शीट कोणकोणत्या मिळतील आणि साइटवर किती चकरा माराल. आर्किटेक्ट म्हणवून घ्यायला १९७२ च्या कायद्याने नोंदणी लागते, इंटिरियर डिझायनर म्हणवून घ्यायला तसं काही नाही, म्हणून जुन्या कामाचे फोटो दाखवले की म्हणायचं, याचं ड्रॉइंग दाखवा. आमचं थ्रीडी काढणाऱ्या त्या पहिल्या डिझायनरला मी हेच म्हटलं तर तो म्हणाला, "ते मिस्त्री पाहून घेतो ना."