राज्य वाङ्मय पुरस्कार, महाराष्ट्र

महाराष्ट्र शासनातर्फे मराठी पुस्तकांना दरवर्षी दिले जाणारे पुरस्कार. पूर्ण नाव ‘उत्कृष्ट मराठी वाङ्मय निर्मितीसाठी स्व. यशवंतराव चव्हाण राज्य वाङ्मय पुरस्कार’. लेखक-प्रकाशकांच्या बोलण्यात मात्र ‘राज्य पुरस्कार’ किंवा नुसते ‘शासनाचा पुरस्कार’ एवढेच येते. योजना मराठी भाषा विभागाची असून तिचे कामकाज महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळ पाहते. पुरस्कार लेखकाच्या एकूण कारकिर्दीला नसतो. त्या-त्या कॅलेंडर वर्षात पहिली आवृत्ती निघालेल्या पुस्तकालाच तो मिळतो.

महाराष्ट्र राज्य १ मे १९६० रोजी अस्तित्वात आले आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात साहित्य आणि संस्कृती मंडळाची स्थापना झाली. मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी अध्यक्षपदी तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांना आणले. मराठी विश्वकोशाची उभारणीही सुरुवातीला याच मंडळाकडे होती. १९८० मध्ये त्यासाठी स्वतंत्र मंडळ झाले. पुढे सुरेंद्र बारलिंगे, य. दि. फडके, मधु मंगेश कर्णिक, बाबा भांड, सदानंद मोरे अशी माणसे साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या अध्यक्षपदी आली. ग्रंथप्रकाशन, नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान अशी इतर कामेही मंडळ करते, पण वर्तमानपत्रात त्याचे नाव झळकते ते बहुधा पुरस्कारांच्या निमित्तानेच.

सुरुवातीच्या काळातील एक निवड आजही आवर्जून सांगितली जाते. अण्णाभाऊ साठे यांच्या ‘फकिरा’ या कादंबरीला १९६१ मध्ये राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला. मांग समाजातील बंडखोर नायकाची ही कथा अण्णाभाऊंनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या झुंजार लेखणीला अर्पण केली होती. शाळेची पायरी जेमतेम चढलेल्या, मुंबईच्या कामगार वस्तीत राहून लिहिणाऱ्या लेखकाला नव्या राज्याने असे जवळ करावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. आज उपेक्षितांच्या साहित्यासाठीचा पुरस्कार अण्णाभाऊंच्याच नावाने दिला जातो. ‘उपेक्षितांचे साहित्य’ असा वेगळा रकाना असावा का, यावर दुमत होऊ शकते. ‘फकिरा’ कादंबरी म्हणूनच गौरवली गेली होती, हे तो वाद घालताना विसरता येत नाही.

पुरस्कारांची एकूण संख्या ३५ आहे. त्यांत प्रौढ वाङ्मयाचे २२, बालवाङ्मयाचे ६, लेखकाच्या पहिल्या पुस्तकासाठीचे, म्हणजे ‘प्रथम प्रकाशन’ गटातले, ६ आणि महाराष्ट्राबाहेरील मराठी लेखनासाठीचा एक अशी विभागणी आहे. प्रौढ वाङ्मयाच्या पुरस्काराची रक्कम १ लाख रुपये, तर प्रथम प्रकाशन आणि बालवाङ्मय यांची ५० हजार रुपये आहे. मुलांसाठी लिहिणाऱ्याला निम्मी रक्कम का, याचे पटणारे उत्तर या रचनेत सापडत नाही. मुलांचे पुस्तक लिहायला निम्मे कष्ट पडतात, असे कोणताही बालसाहित्यिक म्हणणार नाही.

या योजनेचे खरे वेगळेपण तिच्या विषयांच्या यादीत आहे. बहुतेक साहित्य पुरस्कार कविता, कथा, कादंबरी, नाटक आणि फार तर समीक्षा एवढ्यापाशी थांबतात. येथे शेती, अर्थशास्त्र, शिक्षणशास्त्र, पर्यावरण, विज्ञान व तंत्रज्ञान, इतिहास, भाषाशास्त्र व व्याकरण, तत्त्वज्ञान व मानसशास्त्र या विषयांवरील पुस्तकांनाही कादंबरीइतकीच रक्कम मिळते. ‘वाङ्मय’ याचा अर्थ भाषेत लिहिलेले सगळे ज्ञान, ही मंडळाच्या स्थापनेमागची भूमिका या यादीत अजून टिकून आहे. जमिनीची सुपीकता किंवा सहकारी पतपुरवठा अशा विषयावर मराठीत चांगले पुस्तक लिहिणाऱ्याकडे समीक्षक फिरकत नाहीत आणि वाङ्मयीन नियतकालिकेही त्याची दखल घेत नाहीत. त्याच्या वाट्याला येणारी सार्वजनिक दाद पुष्कळदा हीच असते.

प्रत्येक पुरस्काराला कोणाचे तरी नाव आहे आणि ही नावे विचाराने निवडलेली दिसतात. प्रौढ वाङ्मयात कवितेसाठी केशवसुत, कादंबरीसाठी हरी नारायण आपटे, नाटकासाठी राम गणेश गडकरी, लघुकथेसाठी दिवाकर कृष्ण, विनोदासाठी श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, चरित्रासाठी न. चिं. केळकर अशी ओळ आहे. आत्मचरित्राचा पुरस्कार ‘स्मृतिचित्रे’कार लक्ष्मीबाई टिळक यांच्या नावाचा आहे. त्या जागी दुसरे नाव सुचवणे अवघडच. ज्ञानविषयांत अर्थशास्त्राला सी. डी. देशमुख, शेतीला वसंतराव नाईक, शिक्षणाला कर्मवीर भाऊराव पाटील, इतिहासाला शाहू महाराज आणि विज्ञानाला महात्मा जोतीराव फुले यांची नावे आहेत. बालवाङ्मयात बालकवी, साने गुरुजी, यदुनाथ थत्ते ही नावे येतात.

प्रथम प्रकाशन गटातली दोन नावे थोडे थांबून पाहावीत अशी आहेत. पहिल्या कवितासंग्रहाचा पुरस्कार बहिणाबाई चौधरी यांच्या नावाने आहे. बहिणाबाई १९५१ मध्ये वारल्या आणि त्यांचा संग्रह १९५२ मध्ये निघाला. स्वतःचे पहिले पुस्तक त्यांना हातात धरायला मिळालेच नाही. पहिल्या ललितगद्याचा पुरस्कार ताराबाई शिंदे यांच्या नावाने आहे. त्यांचे ‘स्त्री-पुरुष तुलना’ (१८८२) हे एकच पुस्तक आज ज्ञात आहे. पहिल्या कादंबरीसाठी श्री. ना. पेंडसे, पहिल्या नाटकासाठी विजय तेंडुलकर आणि पहिल्या कथासंग्रहासाठी ग. ल. ठोकळ यांची नावे आहेत.

महाराष्ट्राबाहेर राहून मराठीत लिहिणाऱ्यांसाठीचा पुरस्कार सरफोजीराजे भोसले यांच्या नावाचा आहे. तंजावरच्या या राजाने सरस्वती महाल ग्रंथालय समृद्ध केले. मराठी ही केवळ राज्याच्या हद्दीपुरती भाषा नाही, याची आठवण या नावात आहे. राज्यातील हिंदी, उर्दू, गुजराती आणि सिंधी लेखनासाठी त्या-त्या भाषांच्या राज्य अकादम्या असून त्या आपले पुरस्कार स्वतंत्रपणे देतात.

प्रवेशिका मागवण्याची जाहिरात साधारणपणे वर्षाच्या अखेरीस निघते. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात प्रथम आवृत्ती प्रसिद्ध झालेले पुस्तक लेखक किंवा प्रकाशक विहित नमुन्यातील अर्जासह पाठवतो. प्रवेशिका मुंबईत मंडळाच्या कार्यालयात आणि इतर जिल्ह्यांत जिल्हाधिकारी कार्यालयात स्वीकारल्या जातात. सातबारा, दाखले, परवाने यांच्या रांगेत कवितासंग्रहाची प्रवेशिका घेऊन उभा असलेला कवी हे दृश्य गमतीचे असले, तरी गडचिरोली किंवा नंदुरबारच्या लेखकाला त्यामुळे मुंबई गाठावी लागत नाही. पुढे छाननी होते, परीक्षक पुस्तके वाचतात, निवड समिती शिफारस करते आणि शासन निर्णय काढून नावे जाहीर केली जातात. या सगळ्यात बराच काळ जातो. २०२१ च्या पुस्तकांचे पुरस्कार जाहीर व्हायला डिसेंबर २०२२ उजाडला.

पुस्तकाला न देता व्यक्तीला किंवा संस्थेला दिले जाणारे सन्मान यांहून वेगळे आहेत. विंदा करंदीकर जीवनगौरव पुरस्कार, प्रकाशन संस्थेसाठीचा श्री. पु. भागवत पुरस्कार, भाषा अभ्यासकासाठीचा डॉ. अशोक केळकर पुरस्कार आणि भाषा संवर्धनासाठीचा मंगेश पाडगावकर पुरस्कार हे त्यांतील प्रमुख होत. मारुती चितमपल्ली, महेश एलकुंचवार, रा. रं. बोराडे हे विंदा पुरस्काराचे काही मानकरी. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस म्हणजे २७ फेब्रुवारी हा मराठी भाषा गौरव दिन म्हणून साजरा होतो आणि पुरस्कारांचे वितरण शक्यतो त्या दिवशी केले जाते.

निवड साहित्यिकांची आणि आदेश शासनाचा, या दुहेरी रचनेतला ताण किमान दोनदा उघड झाला. पहिला प्रसंग १९८१ चा. विनय हर्डीकर यांच्या ‘जनांचा प्रवाहो चालिला’ या आणीबाणीच्या काळावरील पुस्तकाला जाहीर झालेला पुरस्कार अ. र. अंतुले मुख्यमंत्री असताना रद्द झाला.

दुसरा प्रसंग डिसेंबर २०२२ चा. कोबाड गांधी यांच्या ‘फ्रॅक्चर्ड फ्रीडम’ या तुरुंगातील आठवणींच्या पुस्तकाचा अनघा लेले यांनी केलेला अनुवाद लोकवाङ्मय गृहाने प्रसिद्ध केला होता. ६ डिसेंबरला त्याला अनुवादासाठीचा तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी पुरस्कार जाहीर झाला. मूळ लेखकावरील माओवादी संबंधांच्या आरोपांवरून समाजमाध्यमांत टीका सुरू झाली आणि १२ डिसेंबरला नवा शासन निर्णय निघाला. ‘प्रशासकीय कारणास्तव’ तो पुरस्कार रद्द झाला आणि निवड समितीही बरखास्त करण्यात आली. कारण म्हणून वापरलेल्या या दोन शब्दांत अनुवादाच्या गुणवत्तेविषयी काहीच नव्हते, ही त्यातली सर्वांत बोलकी बाब. हा पुरस्कार अनुवादाला होता आणि तो वाचून त्याची शिफारस शासनानेच नेमलेल्या समितीने केली होती.

निषेध म्हणून प्रज्ञा दया पवार आणि नीरजा यांनी मंडळाच्या सदस्यत्वाचा राजीनामा दिला. भाषा सल्लागार समितीचे अध्यक्षपद लक्ष्मीकांत देशमुख यांनी सोडले. ‘भुरा’ या आत्मकथनाचे लेखक शरद बाविस्कर आणि ‘वैचारिक घुसळण’चे लेखक आनंद करंदीकर यांनी त्याच वर्षी मिळालेले आपापले पुरस्कार नाकारले. पुस्तकाची मागणी मात्र या वादानंतर वाढली. जाहीर झालेला पुरस्कार मागे घेण्याविरुद्ध लेखक, प्रकाशक आणि साहित्य संस्थांनी निवेदने काढली, तरी शासनाने तो निर्णय फिरवला नाही.