लहान जलशुद्धीकरण व सांडपाणी केंद्रांचे कंत्राटी संचालन

गृहसंकुल, वसतिगृह, कारखाना किंवा ग्रामपंचायत यांच्या मालकीचे लहान जलशुद्धीकरण वा सांडपाणी प्रक्रिया केंद्र ठरावीक मासिक मोबदल्यात बाहेरच्या संस्थेने रोज चालवणे आणि त्याची देखभाल-दुरुस्ती पाहणे, या व्यवस्थेस कंत्राटी संचालन म्हणतात. केंद्राची मालकी, आणि 1974 च्या जलप्रदूषण कायद्याखालील (प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या) संमतीपत्राची जबाबदारी, मूळ मालकाकडेच राहते. सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभांत हा मुद्दा हमखास विसरला जातो.

2006 च्या पर्यावरणविषयक अधिसूचनेनुसार 20,000 चौरस मीटर व त्याहून अधिक बांधकामाच्या प्रकल्पांना पर्यावरण मंजुरी लागते आणि तिच्यात स्वतःच्या सांडपाणी केंद्राची अट सहसा असते. बिल्डर केंद्र उभारतो, पुढे ते सभासदांच्या गळ्यात पडते. पुणे महापालिकेत 2017 साली 11 आणि 2021 साली 23 गावे आली. त्यांतील अनेक ठिकाणी नळ आणि मलवाहिनी पोहोचण्याआधीच इमारती उभ्या राहिल्याने बोअर, टँकर आणि तळघरातले केंद्र यांवरच भिस्त राहिली.

ऑपरेटरचे काम दिसायला साधे असते. सक्रिय गाळ पद्धतीच्या, म्हणजे हवेवर वाढवलेल्या जिवाणूंकडून घाण खाववणाऱ्या सांडपाणी केंद्रात तो सकाळी हवा सोडलेल्या टाकीतले पाणी एक लिटरच्या मापात भरून अर्धा तास स्थिर ठेवतो. तपकिरी गाळ सुमारे 250 ते 300 मिलिलिटरच्या रेघेपर्यंत बसला आणि वरचे पाणी नितळ राहिले, तर जिवाणू ठीक आहेत असे समजतात. गाळ काळा पडून कुजका वास आला, तर हवा कमी पडते आहे. पिण्याच्या पाण्यात ऑर्थोटोलिडिनचे थेंब टाकून पिवळेपणावरून उरलेले क्लोरीन पाहतात. भारतीय मानकानुसार ते लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम असावे. गावांत पाण्यात टीसीएल (ब्लीचिंग) पावडर मिसळून क्लोरीन राखण्याचे काम ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक करतो. जानेवारी 2025 मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गिया-बारे या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले आणि दूषित पाण्यावर संशय गेला, तेव्हा विहिरी, टँकर आणि खासगी आरओ प्रकल्पांतल्या याच क्लोरीनकडे सगळ्यांचे लक्ष गेले.

करार दोन प्रकारचे असतात: केवळ मनुष्यबळाचे, आणि रसायने व सुट्या भागांसह सर्वसमावेशक. पहिला स्वस्त दिसतो. परंतु त्यात माणूस हजर असल्याचे पैसे मिळतात, पाणी शुद्ध झाल्याचे नव्हे. विजेचे बिल बहुतेक वेळा सोसायटीच भरते, त्यामुळे रात्री ब्लोअर (टाकीत हवा सोडणारे यंत्र) बंद ठेवण्याची सूचना कित्येकदा खुद्द समितीकडूनच येते, आणि काही दिवसांत केंद्रातून फ्लशसाठी परत येणाऱ्या पाण्याला वास येऊ लागला की दोष ऑपरेटरच्या माथी बसतो. म्हणून ब्लोअरचे तास, प्रयोगशाळेतील तपासणीची वारंवारता आणि गाळ कोण, कुठे नेणार हे करारातच लिहावे लागते. संरक्षक साधनांशिवाय माणसाला मलटाकीत उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, मग कंत्राटदार कोणीही असो.

कंत्राट बदलताना लॉगबुक, नकाशे आणि पंपांच्या चाव्या यांचे हस्तांतरण बहुधा अर्धवटच होते. मधल्या काळात केंद्र बंद पडले असेल, तर नव्या कंत्राटदाराला जिवाणू पुन्हा वाढवावे लागतात. त्यासाठी दुसऱ्या चालू केंद्रातला गाळ टँकरने आणून विरजण लावल्यासारखा टाकीत सोडतात, तो न मिळाल्यास शेणकाला वापरतात, आणि पुढचे दोन-तीन आठवडे मापातली गाळाची रेघ वर चढण्याची वाट पाहतात.